शब्द गाळला, चहाही गाळला

प्रश्न : मुलीच्या स्वाध्यायात ‘गाळलेल्या जागा भरा’ असं होतं. ती म्हणाली, जागा तर इथेच आहे, गाळला तो शब्द. मला उत्तर देता आलं नाही. वर आणखी एक शंका आली. चहा गाळतो तेव्हा चहा आपण ठेवतो आणि शब्द गाळतो तेव्हा शब्द जातो. एकाच क्रियापदाचे असे उलटे अर्थ कसे? हे ‘गाळणे’ आलं कुठून? — एक वाचक, परळ

उत्तर : मुलीची शंका अगदी नेमकी आहे. ‘गाळणे’ची सगळी गंमत तिथेच आहे. आधी मूळ पाहू, म्हणजे पुढचं आपोआप सुटेल.

संस्कृतात ‘गल्’ असा धातू आहे. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे धातूंच्या अर्थासह दिलेल्या यादीत, तो दोन अर्थांनी येतो. एके ठिकाणी ‘गल अदने’, म्हणजे खाणे, आणि दुसरीकडे ‘गल स्रवणे’, म्हणजे झिरपणे, ठिबकणे. आपल्या ‘गळणे’ला यातला दुसरा अर्थ लागू पडतो. संस्कृत गलति, प्राकृत गलइ, मराठी गळतो, अशी सरळ वाट आहे. (गळा म्हणजे कंठ, त्याचा मेळ बसतो तो खाण्या-गिळण्याशी. तेव्हा गळा आणि नळाची गळती यांना एका अर्थात कोंबू नये.)

‘ल’चा ‘ळ’ झाला तो मराठीच्या नेहमीच्या सवयीने. दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘ल’ असला की मराठीत त्याचा ‘ळ’ होतो : फल-फळ, नल-नळ, कमल-कमळ. मूळ शब्दात जोड ‘ल्ल’ असला, किंवा प्राकृतात तसा झाला, तर मात्र ‘ल’ टिकतो. म्हणून फुल्लचं फूल झालं, फूळ नाही. बिल्वचं प्राकृतात बिल्ल आणि मराठीत बेल झालं. गलतिमधला ‘ल’ एकटा होता, त्याचा ‘ळ’ झाला.

आता ‘गळणे’पासून ‘गाळणे’. इथे आधीचा स्वर लांबला आणि क्रियापद प्रयोजक, म्हणजे ‘करायला लावणारं’, झालं. मरणे-मारणे, तरणे-तारणे, जळणे-जाळणे, टळणे-टाळणे, चळणे-चाळणे, तसंच गळणे-गाळणे. हा सांधाही जुनाच आहे, कारण संस्कृतातही गलतिचं प्रयोजक गालयति होतं. तेव्हा ‘गाळणे’चा मूळ अर्थ एवढाच : गळायला लावणे, खाली पडू देणे. वेगळं काढणे, टाकून देणे किंवा स्वच्छ करणे हे अर्थ मुळात त्यात नाहीत. ते नंतर प्रसंगाने चिकटले.

हा मूळ अर्थ धरून एकेक प्रयोग तपासा. घाम गाळला, म्हणजे घाम अंगावरून खाली पडला. आसवं गाळली, ती डोळ्यांतून पडली. झाडाने पानं गाळली, ती फांदीवरून पडली. चहा गाळला, तो गाळणीतून पातेल्यात पडला. शब्द गाळला, तो ओळीतून पडला. प्रत्येक ठिकाणी क्रियापदाचं कर्म तेच आहे, जे पडलं ते. चहाच्या बाबतीत पडलेलं आपल्याला हवं असतं आणि वर अडकलेलं नको असतं. वाक्याच्या बाबतीत पडलेलं जातं आणि अडकलेलं उरतं. अर्थ उलटा झालेला नाही, आपली गरज उलटी झाली आहे. क्रियापद दोन्हीकडे तेच काम करतं.

याचा पुरावा स्वयंपाकघरातच आहे. चहा गाळल्यावर गाळणीत राहतो त्याला आपण गाळ म्हणत नाही, चोथा म्हणतो. उसाचा रस काढल्यावर उरतं ते चिपाड, पीठ चाळल्यावर उरतो तो कोंडा. गाळ म्हणजे भांड्याच्या, विहिरीच्या, नाल्याच्या तळाशी जाऊन बसलेलं. पाण्यातून खाली पडलं, म्हणून गाळ. पावसाळ्याआधी मिठी नदीतून आणि नाल्यांतून उपसतात तो हाच. भाषेने इथे किती काटेकोरपणा ठेवला आहे पाहा : वर अडकला तो चोथा, खाली बसला तो गाळ.

मग ‘गाळलेली जागा’? इथे पडला तो शब्द आणि विशेषण लागलं जागेला. मुलीचा आक्षेप इथे खरा ठरतो. पण मराठीत ही सूट ‘गळणे’पासूनच आहे. आपण ‘पाणी गळतंय’ म्हणतो आणि ‘छप्पर गळतंय’ही म्हणतो. छप्पर खाली पडत नसतं, त्यातून पाणी पडत असतं. नळ गळतो, टाकी गळते, पिंप गळतं. ज्यातून पडतं ते आणि जे पडतं ते, दोन्ही या क्रियापदाला चालतात. ‘गाळणे’नेही हीच सवय उचलली. साखर कारखान्यात ‘उसाचं गाळप’ होतं तेव्हा गाळला जातो तो रस आणि नाव लागतं उसाला. ‘गळीत हंगाम’ही याच घरातला. मग ज्या जागेतून शब्द पडला ती गाळलेली जागा म्हटली तर ती छपराच्याच रांगेत बसते. कोणाला खटकत असेल तर ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रयोग निर्दोष आहे. पण ‘गाळलेल्या जागा’ चूक ठरवून मुलांच्या पुस्तकातून काढायचं काही कारण नाही.

जाता जाता दोन गोष्टी. चाळणे आणि गाळणे यांची हद्द साधारण अशी : सुकं चाळतात, पातळ गाळतात. ‘चाळणे’ म्हणजे मुळात हलवणे, चाळणी हलवावी लागते. चहाची गाळणी हलवली नाही तरी काम होतं, वजनाने पाणी खाली येतंच. या हद्दीला एक ठळक अपवाद आहे तो ‘वस्त्रगाळ’. शिकेकाईची किंवा सुंठीची वस्त्रगाळ पूड सुकीच असते, पण कापडातून खाली पडते ती इतकी बारीक की ‘गाळ’ हाच शब्द तिला शोभतो.

दुसरी गोष्ट मुंबईत रोज कानावर पडणारी. गुजरातीतही ‘पाणी गाळीने पीवुं’ आहे, अर्थ आपलाच. पण तिथे ‘रजा गाळवी’ म्हणजे सुट्टी घालवणे, मराठीतल्यासारखं सुट्टी वगळणे नव्हे. शेजारचे गुजराती काका ‘दिवसो गाळ्या’ म्हणाले तर त्यांनी दिवस घालवले असं समजावं.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इतिवृत्तात एक ठराव आलाच नाही. सचिवांनी शुद्धिपत्रात ‘ठराव वगळण्यात आला होता’ असं लिहिलं आणि सभेत वाद झाला. ‘गाळला’ आणि ‘वगळला’ यात एवढा फरक आहे का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : आहे. सभासद उगाच चिडले नाहीत.

‘वगळणे’ हे ठरवून केलेलं काम आहे. याची खूण व्याकरणातच सापडते. ‘गाळणे’च्या मागे ‘गळणे’ उभं आहे. म्हणून ‘छापताना एक ओळ गळाली’ असं म्हणता येतं. तिथे करणारा कोणी नाही, ओळ आपली पडली. ‘वगळणे’ला आजच्या मराठीत असा जोडीदार नाही. ‘ओळ वगळाली’ असं कोणी म्हणत नाही. वगळली, वगळली गेली, वगळण्यात आली, यातलं काहीही म्हणा, कोणीतरी वगळलं हे त्यात येतंच. सचिवांचं वाक्य वाचणाऱ्याला म्हणूनच पहिला प्रश्न पडतो, कोणाच्या सांगण्यावरून?

तुमच्या शुद्धिपत्रात असं हवं होतं : ‘दि. … च्या सभेच्या इतिवृत्तात ठराव क्र. ४ नजरचुकीने गाळला गेला आहे. तो पुढीलप्रमाणे वाचावा.’ आणि खाली ठराव पूर्ण, सूचक-अनुमोदकांसह. नुसता सारांश देऊ नये, नाहीतर दुसरा वाद सुरू होतो.

खरोखर वगळायचं असेल तेव्हा तीन गोष्टी लिहाव्यात : काय वगळलं, कोणत्या सभेच्या निर्णयाने आणि कोणत्या तारखेपासून. आणि पुढचे क्रमांक सरकवू नयेत. उपविधीतला ६ वा मुद्दा वगळला म्हणून ७ व्याला ६ वा केला, तर आधीच्या सगळ्या पत्रांतले, पावत्यांतले ‘मुद्दा ७’चे उल्लेख चुकीच्या जागी जातात. कायद्यातही हीच रीत आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(१) मधला मालमत्तेच्या हक्काचा सहावा उपखंड वगळला, पण व्यवसाय-धंद्याच्या स्वातंत्र्याचा सातवा उपखंड सातवाच राहिला. मधली जागा रिकामी दिसते आणि ती तशीच दिसली पाहिजे.

बाकीचे शेजारी शब्दही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘काढून टाकणे’ म्हणजे आधी होतं ते नंतर काढलं. ‘सोडणे’ म्हणजे तूर्त हात लावला नाही, परत येता येईल, जसं अवघड गणित सोडून पुढे जाणे. ‘टाळणे’ हे अजून न घडलेल्याबद्दल. आणि सरकारदरबारी तर प्रत्येक कागदाचा आपला शब्द ठरलेला आहे. रेशनकार्डातून नाव ‘कमी’ करतात, आणि दुसरीकडे चढवायचं तर नाव कमी केल्याचा दाखला मागतात. मतदार यादीतून नाव ‘वगळतात’, त्यासाठी नमुना ७ असतो. यादीत आपलं नावच नसेल, मग ते गळालेलं असो की चुकून वगळलेलं, नव्याने घालायला नमुना ६ भरावा लागतो. पत्ता बदलला किंवा तपशील चुकला तर नमुना ८. रेशनच्या अर्जात ‘वगळावे’ लिहिलं म्हणून अर्ज अडणार नाही, पण खिडकीवरच्या माणसाला ‘नाव कमी करायचंय’ म्हटलं की पुढचं पटकन होतं.

आता ओळ गळते कशी, तेही सांगायला हवं, कारण इतिवृत्तात ही चूक वारंवार होते आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने. मूळ टिपण असं समजा :

‘पाण्याच्या टाकीची दुरुस्ती मंजूर करण्यात आली. गच्चीची दुरुस्ती निधीअभावी नामंजूर करण्यात आली. रंगकाम पुढील वर्षी घ्यावे.’

उतरवणारा पहिलं ‘करण्यात आली’ लिहितो, मान वळवून पुन्हा टिपणाकडे पाहतो आणि त्याची नजर दुसऱ्या ‘करण्यात आली’वर पडते. पुढचं लिहू लागतो :

‘पाण्याच्या टाकीची दुरुस्ती मंजूर करण्यात आली. रंगकाम पुढील वर्षी घ्यावे.’

गच्ची गेली. आणि वाक्यं इतकी नीट जुळली आहेत की नुसतं वाचून कोणालाही काही चुकलंसं वाटणार नाही. जुन्या पोथ्यांच्या नकलांतही ओळी गळाल्या आहेत त्या बऱ्याचदा अशाच, दोन सारख्या शब्दांच्या मधल्या. आपल्या कार्यालयीन मराठीत ‘करण्यात आले’, ‘देण्यात यावे’, ‘ठरले’ हे शेवट दर ओळीला येतात, त्यामुळे धोका जास्त.

उपाय दोन. एक, दोघांनी बसावं. एकाने मूळ टिपण मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने नव्या प्रतीवर बोट ठेवून जुळवावं. उलट करू नये. नवी प्रत मोठ्याने वाचली तर ती गुळगुळीत वाटते आणि टिपण पाहणाराही तिच्याबरोबर वाहत जातो. दोन, एकट्याने काम असेल तर वाक्यं मोजावीत. वरच्या उदाहरणात टिपणात तीन आणि प्रतीत दोन, चूक लगेच सापडते. शेवट बदलणं हा तिसरा, थोडा मेहनतीचा उपाय : ‘मंजूर झाली’, ‘नामंजूर ठरली’ असे वेगवेगळे शेवट केले की नजर घसरायला जागाच राहत नाही.

हाताने लिहिलेल्या नोंदवहीत गळालेला शब्द घालायचा तर जागी काकपद (‸) काढून वर शब्द लिहावा आणि समासात सही करावी. उतारा देताना मुद्दाम मजकूर वगळला असेल तर तिथे काकपद नाही, लोपचिन्ह, तीन टिंबं. काकपद सांगतं ‘हे राहिलं होतं’, टिंबं सांगतात ‘हे आम्ही ठेवलं नाही’. म्हणजे गाळणे आणि वगळणे यांतला फरक चिन्हांतही पाळला आहे.

प्रश्न : केटरिंगच्या कोटेशनमध्ये ‘जीएसटीशिवाय ३०० रुपये ताट’ लिहिलं होतं. गिऱ्हाईक म्हणतं, त्याला जीएसटी लागणार नाही असं वाटलं. शब्द चुकला का? — एक वाचक, लालबाग

उत्तर : शब्द चुकीचा नाही, पण निसरडा आहे. ‘शिवाय’ हे अरबी-फारसीतलं ‘सिवा, सिवाय’, ‘खेरीज’ हे अरबी ‘खारिज’ म्हणजे बाहेरचा. दोन्ही मराठीत मुरलेले, आणि दोन्हींना दोन तोंडं आहेत. ‘रमेशशिवाय पाच जण आले’, यात रमेश आला की नाही? ‘रमेश तर आलाच, वर पाच’ असाही अर्थ होतो आणि ‘रमेश नाही, बाकी पाच’ असाही. बोलताना आवाजावरून कळतं, कागदावर कळत नाही. तुमच्या कोटेशनला तर तिसराच अर्थ लागला, जीएसटी नसलेलं ताट.

पैशाच्या कागदावर ‘धरून’ आणि ‘वगळून’ ही जोडी वापरावी, आणि ‘वगळून’ लिहिलं तर पुढचा आकडाही द्यावा. जेवणावर ५ टक्के धरू : ‘ताट ३०० रुपये, ५ टक्के जीएसटी वगळून. जीएसटी १५ रुपये. एकूण ३१५ रुपये.’ आता वाद घालायला काही उरत नाही.

‘जीएसटी धरून ३००’ असेल तर मूळ किंमत काढताना बरेच जण ३०० मधून ५ टक्के वजा करून २८५ लिहितात. ते चूक आहे. कर मूळ किमतीवर लागतो, एकूण रकमेवर नाही. ३०० ला १.०५ ने भागा, येतात २८५.७१. ताटामागे ७१ पैशांचा फरक, पाचशे ताटांना साडेतीनशे रुपयांहून जास्त.

‘वगळता’ लिहितानाही एक जपावं. ‘दुसरा आणि चौथा शनिवार व रविवार वगळता दुकान उघडे’ यात ‘दुसरा आणि चौथा’ रविवारालाही लागतं का? दोन वाक्यं करा : ‘दर रविवारी दुकान बंद. महिन्यातला दुसरा व चौथा शनिवारही बंद.’ पाटी दोन ओळींची झाली तरी चालेल.

प्रश्न : जुन्या कोशात ‘गाळणें’, ‘वगळणें’ असे टिंब देऊन छापलेले शब्द दिसतात. ते टिंब कधी गेलं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : १९६२ च्या लेखननियमांनी. मराठी साहित्य महामंडळाच्या त्या १४ नियमांत (१९७२ मध्ये आणखी ४ आले) उच्चारात नसलेले अनुस्वार देऊ नयेत असं ठरलं. त्याआधी नपुंसकलिंगी शब्दांच्या शेवटी टिंब देत, म्हणून मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ च्या आणि १८५७ च्या आवृत्त्यांत ‘गाळणें’च सापडेल. त्या टिंबाचा उपयोगही होता : ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष, ‘तें’ म्हणजे एक वस्तू. आज दोन्ही ‘ते’.

सगळीच टिंबं गेली असं मात्र नाही. अनेकवचनातलं राहिलं : लोकांना, घरांसमोर. आदरार्थीही राहिलं : शिक्षकांना, आपणांस. अर्जात ‘अध्यक्षाना’ लिहिणारे पुष्कळ आहेत, तिथे टिंब गळालेलं असतं, नियमाने वगळलेलं नसतं. बोलभाषेतल्या ‘गाळणं’, ‘केलं’ यांवरचं टिंब वेगळं, ते शेवटचा ‘अ’ लांबवायची खूण आहे.

संगणकावर जुना कोश शोधताना ‘गाळणे’ टाकून काही आलं नाही तर नुसतं ‘गाळ’ टाकून पाहा. टिंबाचा अडथळा निघून जातो, आणि गाळ, गाळणी, गाळप एकाखाली एक दिसतात.